हार्डवूड टाकण्याआधी: करकरणारा सबफ्लोअर जॉइस्टला कसा आवळायचा

कार्पेट निघालं, खालच्या फळ्या उघड्या पडल्या, ओकच्या पेट्या गराजमध्ये येऊन पडल्या. आता इन्स्टॉलरला बोलवायचं आणि मोकळं व्हायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण मध्ये एक काम उरतं: सबफ्लोअर, म्हणजे हार्डवूडच्या खालचा लाकडी थर, जॉइस्टला, म्हणजे त्याला पेलणाऱ्या तुळयांना, नीट आवळून घेणं. आता केलं नाही तर ते करायची संधी पुन्हा मिळत नाही. हार्डवूड सबफ्लोअरला ठोकलं जातं. सबफ्लोअरच जॉइस्टवर वरखाली होत असेल तर महागातला ओकही त्याच्याबरोबर होणार, आणि रात्री पाणी प्यायला कोण उठलं ते सगळ्या घराला कळणार.

हे मी अमेरिकेत, मुख्यतः न्यू जर्सी आणि आसपासच्या भागात बेसमेंटवालं जुनं घर घेतलेल्यांसाठी लिहितो आहे. आमच्या घरात हे काम मी केलं, नंतर ओळखीच्यांकडेही हाताखाली गेलो. आपण बहुतेक जण सिमेंटच्या स्लॅबवर वाढलो, त्यामुळे पायाखालची जमीन आवाज करते हीच गोष्ट नवी वाटते. जुन्या वाड्यातला कडीपाट पाहिला असेल तर इथली रचना लगेच कळेल: कड्यांच्या जागी जॉइस्ट, पाटांच्या जागी सबफ्लोअर. फक्त वाड्यात पाटांवर मातीचा जाड थर असायचा, तो हालचालही दाबायचा आणि आवाजही. इथे मध्ये काहीच नाही.

करकर होते कशी ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. घर बांधताना वापरलेल्या लाकडात १९ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. दोन-चार हिवाळे हीटिंग चाललं की तेच लाकूड ८-१० टक्क्यांवर येतं. जॉइस्ट आकसतो, खिळा मात्र तेवढाच राहतो. फळी आणि जॉइस्ट यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते. पाय पडला की फळी खाली जाते, उचलला की वर येते, आणि दर वेळी खिळ्याच्या दांड्यावर घासते. तो आवाज या घासण्याचा. फळी आणि जॉइस्ट पुन्हा एक झाले की आवाज बंद.

१. आधी बेसमेंटमध्ये जा

वरून स्क्रू मारायची घाई करू नका. टॉर्च घ्या, खाली जा आणि छताकडे बघा. बेसमेंटला ड्रायवॉलचं छत असेल तर ही पायरी अर्धीच होईल, पण भट्टीच्या (फर्नेसच्या) खोलीत तरी जॉइस्ट उघडे सापडतातच.

बघायचं ते असं. जॉइस्ट कुठल्या दिशेने जातात, आणि त्यांच्यातलं अंतर किती? एका जॉइस्टच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी १६ इंच असतं, पण फार जुन्या घरात ते जागोजागी बदलतं. जॉइस्टची जाडी? ज्याला सगळे ‘टू बाय टेन’ म्हणतात तो प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच उंच असतो. म्हणजे वरून तुमच्या स्क्रूला मिळणारं लक्ष्य फक्त दीड इंचाचं आहे.

मग सबफ्लोअर कशाचा आहे ते पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि त्यानंतर काही वर्षांपर्यंतच्या घरांत बहुधा पाऊण इंची फळ्या असतात, अनेकदा ४५ अंशांत तिरक्या. त्यानंतर प्लायवूड आलं, आणि १९८० नंतरच्या घरांत ओएसबी, म्हणजे लाकडाचे चपटे तुकडे दाबून केलेले तक्ते. चौथा प्रकार त्रासाचा: प्लायवूडवर पार्टिकल बोर्डचा थर. कार्पेटखाली तो चालून जातो, हार्डवूडचा खिळा मात्र त्यात धरत नाही. तो काढावाच लागतो. कोणी ‘यावरच टाकून देतो’ म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

खालून आणखी एक गोष्ट दिसेल: जॉइस्ट चुकवून बाजूने खाली आलेले, चकाकणारे खिळे. असा खिळा जॉइस्टच्या अंगाला घासत राहतो. तो दिसला की खडूने खूण करा. आणि जॉइस्टांच्या मधले तिरके आडवे तुकडे, म्हणजे ब्रिजिंग, हाताने हलवून पाहा. दोन पट्ट्या एकमेकींना टेकत असतील तर करकर तिथूनही येते, आणि वरून शंभर स्क्रू मारले तरी जात नाही.

काळे पडलेले, बोट रुतेल असे मऊ भाग, वाळवीच्या मातीच्या नळ्या, प्लंबरने पाइपासाठी निम्मा कापून टाकलेला जॉइस्ट, यांपैकी काही सापडलं तर इथेच थांबा. त्याचं काम सबफ्लोअरच्या आधी आणि जाणकाराकडून.

२. कागद आणि सामान

कागद थोडे, पण आधी हाताशी ठेवा:

– घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. जॉइस्ट, वाळवी आणि बेसमेंटच्या ओलाव्याबद्दलची पानं तेव्हा आपण घाईत वाचलेली असतात.
– कॉंडो किंवा टाउनहाउस असेल तर असोसिएशनची लेखी परवानगी. खालच्या घराला आवाज जाऊ नये म्हणून काही ठिकाणी ठरावीक अंडरलेमेंटची (हार्डवूडखाली टाकायच्या थराची) अट असते.
– इन्स्टॉलरचं लेखी एस्टिमेट. त्यात ‘सबफ्लोअर प्रेप’ म्हणजे नेमकं काय हे विचारून लिहून घ्या. बऱ्याचदा त्याचा अर्थ झाडू मारणं एवढाच निघतो.
– जॉइस्ट बदलायचा किंवा जोडायचा असेल तर टाउनच्या बांधकाम खात्यात परमिटची चौकशी.

सामान: अडीच इंची आणि दोन इंची सबफ्लोअर किंवा डेक स्क्रू, ८ किंवा ९ नंबरचे, क्लच असलेली ड्रिल, ३/३२, १/८ आणि ३/१६ इंची बिट, खडूची दोरी, सहा फुटी लेव्हल किंवा सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, चपटी पहार, पकड, हातोडी, नेलसेट (खिळ्याचं डोकं आत ठोकायची बोथट सळी), सबफ्लोअर ॲडहेसिव्हच्या नळ्या आणि गन, देवदारी पाचरांचं पाकीट, दुकानात ‘शिम’ म्हणून मिळतं, दोन टोकांचा पिन असलेला मॉइश्चर मीटर, शॉप-व्हॅक. शिवाय गुडघ्यांचे पॅड. बाकी सगळं उसनं चालेल, पॅड मात्र स्वतःचे आणि चांगले घ्या. पूर्ण दिवस गुडघ्यांवर जाणार आहे.

ड्रायवॉलचे काळे स्क्रू वापरू नका. घरात पडलेले असतात, स्वस्त असतात, मोह होतो. ते कडक पण ठिसूळ असतात. फळी हलली की मानेशी तुटतात, आणि डोकं गेलेला स्क्रू काहीच धरत नाही.

किती स्क्रू आणायचे? १२ बाय १५ फुटांची खोली धरा. जॉइस्ट १२ फुटांच्या बाजूने जातात आणि १६ इंचांवर आहेत, म्हणजे साधारण १२ रेषा. प्लायवूड असेल आणि दर ८ इंचांवर स्क्रू मारलात तर एका रेषेवर १९, एकूण सव्वादोनशेच्या आसपास. तिरक्या फळ्या असतील तर प्रत्येक फळीला प्रत्येक जॉइस्टवर दोन, म्हणजे साडेचारशेच्या घरात. शनिवारी संध्याकाळी डबा संपण्यापेक्षा एक जास्तीचा आणलेला बरा.

३. जमीन पूर्ण उघडी करा

कार्पेट आणि पॅड पट्ट्या कापून गुंडाळा. भिंतीकडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या पहारीने उचला, जाड हातमोजे घालून. पॅडच्या शेकडो स्टेपल पकडीने एकेक काढाव्या लागतात. जीवावर येणारं काम आहे, पण राहिलेली स्टेपल पुढे हार्डवूडखाली टेंगूळ होऊन बसते.

इथे एक खरा धोका आहे. कार्पेटखाली ९ बाय ९ इंचांच्या जुन्या टाइल्स किंवा काळा डांबरासारखा गोंद निघाला तर खरवडू नका, घासू नका, व्हॅक्यूमही फिरवू नका. १९८० च्या आधीच्या अशा टाइल्समध्ये आणि गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच पुढे. तसंच १९७८ पूर्वीच्या घरात बेसबोर्डच्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर बेसबोर्ड काढतानाची धूळ हा विनोदाचा विषय नाही. मास्क लावा, खोलीचं दार प्लॅस्टिकने बंद करा.

वर आलेले जुने खिळे नेलसेटने आत ठोका. पण ‘ठोकले, आता बसली फळी’ असं समजू नका. ज्या भोकात खिळा एकदा सैल झाला त्यात तो पुन्हा धरत नाही, काही महिन्यांत परत वर येतो. ठोकायचा तो फक्त डोकं आड येऊ नये म्हणून. धरायचं काम स्क्रूचं.

४. जॉइस्टच्या रेषा आखा

सगळी कमाई या पायरीत आहे. रेषा बरोबर असेल तर पुढचं काम यांत्रिक. चुकली तर नवे ‘चकाकणारे खिळे’ तुम्हीच तयार करणार.

जुन्या खिळ्यांच्या ओळी बहुतेक ठिकाणी जॉइस्ट दाखवतात. तरी एकाच खिळ्यावर विश्वास नको, तो चुकलेलाही असू शकतो. दोन्ही भिंतींजवळच्या खिळ्यांचा मध्य काढा आणि खडूची दोरी मारा. मग खात्री करा: वर आणि खाली दोन्हीकडे दिसणारी एक वस्तू धरा, हीटिंगच्या व्हेंटचं भोक किंवा वर जाणारा पाइप. तिच्यापासून खाली जॉइस्टपर्यंत मोजा, तेच माप वर ठेवा. रेषा जुळली पाहिजे. शंका असेल तर रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक बिटने भोक पाडा; बिट एकदम मोकळा गेला की जॉइस्टची कड संपली. ही भोकं हार्डवूडखाली जाणार, काळजी नको.

ओएसबी आणि प्लायवूडच्या तक्त्यांची टोकं जॉइस्टवरच जुळलेली असतात. तिथे दोन तक्त्यांना मिळून दीड इंच, म्हणजे प्रत्येकाला पाऊण इंचच मिळतो. या सांध्यावर रेषा एक नाही, दोन मारा, आणि स्क्रू तक्त्याच्या कडेपासून ३/८ इंच आत ठेवा. किंचित तिरका, जॉइस्टच्या मध्याकडे झुकलेला स्क्रू इथे चांगला.

रेषा समोर आहेत तोवर हार्डवूडची दिशाही ठरवून टाका. ते जॉइस्टला आडवं, काटकोनात जावं. खोलीच्या सौंदर्यासाठी जॉइस्टला समांतर हवं असेल तर वर अर्ध्या इंची प्लायवूडचा आणखी एक थर लागतो. त्याने जमीन उंच होते, मग शेजारच्या खोलीशी पायरी पडते आणि किचनमध्ये डिशवॉशर काउंटरखाली अडकतो. बायको, नवरा, आई-बाबा, ज्यांचं मत चालतं त्यांना हे आताच सांगा.

५. वायर आणि पाइप कुठे आहेत?

जॉइस्टमधून आरपार जाणारी वायर त्याच्या कडेपासून किमान सव्वा इंच आत असावी, नाहीतर तिच्यावर लोखंडी पट्टी असावी, असा इथल्या विद्युत संहितेचा नियम आहे. आता हिशोब करा. पाऊण इंची सबफ्लोअरमधून अडीच इंची स्क्रू गेला की तो जॉइस्टमध्ये पावणेदोन इंच उतरतो. म्हणजे नियमानुसार बसवलेल्या वायरलाही तो गाठू शकतो. दोन इंची स्क्रू बरोबर सव्वा इंच उतरतो. म्हणून जिथे वायर जॉइस्ट ओलांडते तिथे खालून बघून, वर खडूने फुली मारून, त्या फुलीच्या आसपास स्क्रूच नको. आणि जिथे खालून दिसतच नाही तिथे सगळीकडे दोन इंची वापरा.

पाणी आणि गॅसच्या पाइपांना एवढीही शिस्त नसते. जुन्या घरांत प्लंबरने जॉइस्टच्या माथ्यावर खाच पाडून पाइप सरळ सबफ्लोअरला चिकटवून नेलेला असतो. इंग्लंडमध्ये जुन्या टेरेस घरात (एकमेकांना लागून असलेल्या ओळीतल्या घरात) राहत असाल तर हे तर नेहमीचंच: रेडिएटरचे तांब्याचे पाइप फळीच्या लगेच खाली. रेडिएटरपासून सरळ रेषेत पाइप कुठे जाईल याचा अंदाज घ्या, एखादी फळी उचलून बघा. सबफ्लोअरखाली रेडियंट हीटिंगच्या (जमीन गरम करणाऱ्या) नळ्या बसवलेल्या असतील तर खालून प्रत्येक नळी बघितल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका.

६. चालून आवाज शोधा

घरातला टीव्ही बंद, भट्टी बंद. बूट घालून एक जण वर चालतो, एक जण खाली ऐकतो. फोन चालू ठेवा, स्पीकरवर. वरचा माणूस पाऊल पुढेमागे झुलवत आवाज नेमका कुठे येतो ते पक्कं करतो आणि रंगीत खडूने गोल काढतो. खालचा बोट लावून बघतो की फळी हलते, खिळा हलतो की ब्रिजिंग. बोटाला हालचाल स्पष्ट जाणवते. आवाज मात्र फसवतो, तो जॉइस्टमधून दोन फूट पलीकडेही ऐकू येतो.

हे काम शक्यतो हिवाळ्यात, हीटिंग सुरू झाल्यावर करा. ऑगस्टच्या दमटपणात लाकूड फुगलेलं असतं आणि जमीन शहाण्यासारखी गप्प बसते.

७. स्क्रू मारा

मधल्या जॉइस्टपासून सुरुवात करून भिंतींकडे जा. बांधकाम संहितेत तक्त्याच्या कडांना ६ इंच आणि मध्ये १२ इंच अंतर सांगितलेलं असतं. हार्डवूडखाली मी मध्येही ८ इंचच ठेवतो. जास्तीचे पन्नास-साठ स्क्रू म्हणजे फारसा खर्च नाही. साडेपाच इंची फळी असेल तर दर जॉइस्टवर दोन स्क्रू, फळीच्या दोन्ही कडांपासून इंचभर आत. मध्यभागी एकच मारला तर फळीच्या कडा वर वळायला मोकळ्या राहतात.

तंत्रात एक बारकावा आहे आणि बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. पूर्ण लांबीला आटे असलेला स्क्रू फळीतही धरतो आणि जॉइस्टमध्येही. दोघांमध्ये आधीच फट असेल तर ती तशीच पक्की होते. स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, फळी मात्र अधांतरी. यावर उपाय तीन:

– डोक्याखाली दांडा गुळगुळीत आहे असे स्क्रू घ्या. हा गुळगुळीत भाग फळीच्या जाडीएवढा तरी हवा.
– तसे नसतील तर फळीत स्क्रूच्या जाडीपेक्षा किंचित मोठं भोक पाडा, म्हणजे फळी स्क्रूवर सरकू शकेल.
– स्क्रू मारताना त्या जागी, त्याच्या अगदी लगत, स्वतः उभे राहा किंवा गुडघा टेका. आपलं वजन फट मिटवतं, स्क्रू फक्त ती मिटलेली ठेवतो.

जुन्या पाइनच्या फळ्या साठ-सत्तर वर्षं वाळलेल्या असतात, टोकाशी भोक न पाडता स्क्रू मारला की उभ्या चिरतात. टोकाजवळ आधी बिट चालवा, नेहमी.

डोकं लाकडाच्या पृष्ठभागाशी समपातळीत किंवा कागदभर खाली. इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात आला की मजा येते आणि स्क्रू अर्धा इंच आत जातो. ओएसबीचा वरचा थर फुटला की त्या स्क्रूची पकड गेली. तो तसाच सोडा आणि दोन इंच बाजूला दुसरा मारा. म्हणून मी क्लचवाल्या ड्रिललाच प्राधान्य देतो.

स्क्रू जॉइस्टमध्ये लागला की नाही ते हाताला कळतं: पाऊण इंच पार झाल्यावर ड्रिलचा आवाज जड होतो, जोर लागतो. एकदम हलका फिरला तर चुकला. असा चुकलेला स्क्रू राहू देऊ नका, लगेच उलटा फिरवून काढा. दर दोन-तीन रेषांनंतर खाली जाऊन नजर टाका.

गोल काढलेल्या जागी शेवटी पुन्हा उभे राहून झुला. आवाज गेला नसेल तर आणखी स्क्रू मारत सुटू नका. दोष तिथे नाही, खाली आहे.

८. खालून करायची कामं

जिथे फट अष्टमांश इंचाहून मोठी आहे तिथे वरून स्क्रूने ओढल्यास फळी खाली येऊन जमिनीत खळगा पडतो. अशा जागी खालून पाचर. तिला दोन्ही बाजूंनी गोंद लावा आणि बोटाने सरकवा, मग हातोडीने अगदी हलका एक टोला, ती थांबेपर्यंत. जोरात ठोकलीत तर फळी जॉइस्टवरून उचलली जाते आणि शेजारच्या दोन जागा नव्याने करकरू लागतात. पाचर बसल्यावर वरून स्क्रू.

लांबच लांब बारीक फट असेल तर जॉइस्ट आणि सबफ्लोअरच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी सबफ्लोअर ॲडहेसिव्हची जाड रेघ ओढा, बोटाने आत दाबा. नळीवर ‘एएसटीएम डी ३४९८’ लिहिलेलं असावं. तो सबफ्लोअर-जॉइस्ट जोडणीसाठीचा मापदंड आहे. साधा कन्स्ट्रक्शन गोंद काही काळाने कडक होऊन तडकतो.

जॉइस्टच वाकडा असेल आणि फळी त्याला चार-पाच फूट टेकतच नसेल, तर त्याच्या अंगाला टू बाय फोर लावा: माथा सबफ्लोअरला दाबून, मागे व वर गोंद, आणि जॉइस्टमध्ये आडवे स्क्रू. चुकलेले चकाकणारे खिळे पकडीने कापून टाका. ब्रिजिंगच्या घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये करवतीचं पातं एकदा फिरवून फट करा. सैल टोकांना स्क्रू मारा.

बेसमेंटचं छत बंद असेल तर यातलं काही जमणार नाही. मग करकरणाऱ्या जागेवरचा सबफ्लोअर कापून वरूनच आत जावं लागतं.

९. खराब तुकडा बदलायचा असेल तर

टॉयलेटच्या आसपास, बाल्कनीच्या दाराशी, डिशवॉशरसमोर सबफ्लोअर कुजलेला सापडतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. आत शिरलं तर तो भाग गेला. गळती आधी बंद करा, मग कापा.

सर्क्युलर सॉचं पातं बरोबर पाऊण इंच खोल लावा. कापायची रेषा जॉइस्टच्या मध्यावर घेऊ नका, तिथे खिळे असतात आणि पात्याचे दात जातात. जॉइस्टच्या कडेला लागून कापा, आणि जॉइस्टच्या अंगाला टू बाय फोरचा आधार गोंद-स्क्रूने जोडा. नवा तुकडा त्यावर बसेल. जॉइस्टांच्या मध्ये लोंबणाऱ्या कडांखालीही आडवा ठोकळा द्या.

नवा तुकडा जुन्याच जाडीचा हवा. जुन्या घरातली फळी कधी पूर्ण पाऊण इंच, कधी थोडी जास्त असते. दुकानातलं ‘पाऊण इंची’ प्लायवूड प्रत्यक्षात २३/३२ असतं. कॅलिपर नसेल तर जुना तुकडा पिशवीत घालून दुकानात न्या. संपूर्ण नवे तक्ते टाकणार असाल तर लांब बाजू जॉइस्टला आडवी, टोकांचे सांधे एकाच ओळीत न येऊ देता, आणि तक्त्यांमध्ये चौफेर अष्टमांश इंच फट ठेवा. ती ठेवली नाही तर पावसाळी दिवसांत कडा एकमेकींना ढकलून वर येतात. गोंद जॉइस्टवर लावल्यावर तक्ता लगेच बसवा, आणि गोंद ओला असतानाच सगळे स्क्रू मारून घ्या.

१०. समतल आहे का ते बघा

सरळ पट्टी जमिनीवर फिरवा. खिळ्यांनी बसवायच्या हार्डवूडला १० फुटांत पाव इंचापर्यंतचा चढउतार चालतो. गोंदाने चिकटवायचं असेल तर ३/१६ इंचच.

उंचवटे घासून काढा. ओएसबीच्या फुगलेल्या कडा बेल्ट सँडरने पटकन जातात. खळगा भरायला डांबरी फेल्टच्या (हार्डवूडखाली अंथरतात त्या डांबर लावलेल्या जाड कागदाच्या) कापलेल्या पट्ट्या एकावर एक, बाहेरची मोठी आतली लहान अशा, हे जुनं पण उत्तम काम करणारं तंत्र आहे. सेल्फ-लेव्हलिंग सिमेंट इथे नको: हार्डवूडचे खिळे त्यातून गेले की ते तडकतं आणि मग वाळूसारखं कुरकुरत राहतं.

खोलीच्या मध्ये अर्धा-पाऊण इंच उतार असेल तर तो सबफ्लोअरचा दोष नाही. खाली बीम किंवा खांब बसला आहे. त्यावर पट्ट्या रचू नका, माणूस बोलवा.

११. ओलावा मोजा

मीटरचे पिन सबफ्लोअरमध्ये खोलीच्या वेगवेगळ्या भागांत टोचा, मग हार्डवूडच्या तीन-चार पेट्यांतल्या पट्ट्यांत. सबफ्लोअर १२ टक्क्यांच्या खाली हवा. दोघांतला फरक तीन इंचांपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी ४ टक्क्यांहून जास्त नको, तीन इंच किंवा रुंद पट्ट्यांसाठी २ टक्क्यांहून जास्त नको; नॅशनल वूड फ्लोअरिंग असोसिएशनचे आकडे हेच आहेत. इथे हल्ली सगळ्यांना पाच इंची रुंद पट्टी हवी असते, म्हणजे अट कडकच लागू.

आकडा जास्त आला तर इन्स्टॉलरची तारीख पुढे ढकला. बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर लावा. खाली क्रॉल स्पेस (बेसमेंटऐवजी रांगत जाण्याएवढी पोकळी) असेल तर मातीवर ६ मिलचं (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लॅस्टिक अंथरलेलं आहे का बघा. पेट्या गराजमधून उचलून ज्या खोलीत लाकूड बसणार आहे तिथे, हीटिंग चालू ठेवून, उघडून ठेवा. गराजमध्ये ठेवलेलं लाकूड गराजच्या हवेला सरावतं, त्याचा घराला उपयोग नाही.

१२. फेल्ट अंथरण्याआधी

शॉप-व्हॅक दोनदा फिरवा. मग अनवाणी पाय घासत सबंध खोली चाला, स्क्रूचं वर राहिलेलं डोकं डोळ्यांआधी पायाला कळतं. मोबाइलवर संपूर्ण जमिनीचे फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप पसरून, वायर-पाइपांच्या फुल्या दिसतील असे. पुढे कधी फ्लोअर व्हेंट हलवायचा झाला तर हेच फोटो उपयोगी पडतील.

फेल्ट १५ पौंडी, काठ चारेक इंच एकमेकांवर. तो अंथरला की जॉइस्टच्या रेषा झाकल्या जातात, म्हणून आधीच भिंतीच्या खालच्या भागात, बेसबोर्डने झाकलं जाईल अशा ठिकाणी, प्रत्येक रेषेची पेन्सिलने खूण करून ठेवा आणि फेल्टवर दोरी पुन्हा मारा. इन्स्टॉलर आला की त्याला त्या रेषा दाखवा. पहिली आणि शेवटची ओळ वरून खिळे ठोकून बसवतात. तिथले खिळे जॉइस्टमध्ये गेले तर भिंतीकडेची पट्टी वर्षानुवर्षं हलत नाही.